कोपराला गूळ

दुखतं कधी, ड्रिटाने विचारलं,
माझा हात टेबलावर उताणा ठेवून.
वाजवताना नाही, मी म्हणालो.
दुखतं ते किल्ली फिरवताना,
फ्रिजच्या दारातलं दूध उचलताना,
फडकं पिळताना,
आणि कुणी मनापासून हात मिळवला की.
दोन वर्षं मी डावा हात पुढे करतोय.
लोकांना वाटतं, लिएनहार्ट उतारवयात शिष्ट झाला.

तिने अंगठा टेकवला नेमका बाहेरच्या हाडावर,
जिथे मनगट उचलणारी सगळी सुतं
एकाच खुंटीला बांधलेली असतात.
माझ्या तोंडून जे निघालं
ते आईने ऐकलं असतं तर साबणाने तोंड धुतलं असतं.

किती वाजवता?
जानेवारीपासून रोज दोन तास, लाकडी पाटावर.
वरच्या मजल्यावरच्या बाईंना त्रास नको म्हणून खाली रबर लावलंय.
आणि त्याआधी?
त्याआधी छत्तीस वर्षं.
तिने ठोक्यांचा गुणाकार मांडला.
आकडा कागदाच्या कडेला जाऊन अडला.
बाईंची काळजी घेतलीत, ती म्हणाली,
खुंटीला विचारलंत का कधी?

आमच्या बाझेलमध्ये
कार्निव्हलच्या सोमवारी पहाटे चारला
सगळ्या शहराचे दिवे एकदम घालवतात.
काळोखात फक्त रंगवलेले कंदील,
पिकोलो बासऱ्या आणि आमचे ड्रम.
त्या चार वाजण्यासाठी मी उरलेलं वर्ष काढतो.
आणि तीन आठवडे राहिले असताना ही म्हणते, विश्रांती.
कोपराला गूळ लावायचा
आणि वर म्हणायचं, चाटू नका.

मी ऐकलं नाही.
तळघरातल्या तालमीला गेलो.
तिथे मेंथॉलचा वास दाटलेला असतो
आणि तो सगळे खोकल्याच्या गोळ्यांवर ढकलतात.
रेमिगियूस भर उकाड्यातही बाही खाली करत नाही.
एगॉन ड्रमचा पट्टा दातांनी ओढतो.
कुणी कुणाला काही विचारत नाही.

अनाग्रेतने रांग थांबवली.
एकाहत्तर वर्षांची, कान अजून मांजराचे.
उजवीकडून तिसरा, ती म्हणाली,
तुझा ठोका वेळेवर येतो,
पण रागावून येतो.

सगळे गेल्यावर तिने स्वतःची बाही सारली.
कोपरावर पांढरा, बोटभर लांब वण.
मी तुला जोरात मारायला शिकवलं, म्हणाली.
मलाही तसंच शिकवलं होतं.
मला वण मिळाला तेव्हाच सांगायला हवं होतं.
मग जरा थांबून, खुर्च्या एकावर एक रचत,
सांगितलं असतं तर रांगेत कोण उरलं असतं?

दुसऱ्या दिवशी ऱ्हाईन ओलांडताना
मी नावाड्याचे हात बघत बसलो.
त्या नावेला इंजिन नाही.
वरच्या तारेला दोराने बांधलेली, प्रवाहाला जरा तिरकी धरली
की नदीच तिला पलीकडे नेते.
नावाडी सुकाणू वळवतो आणि सफरचंद खातो.
माझ्या डोळ्यांपुढे काठी होती:
खाली सोडली की ती आपली आपण उसळून वर येते,
ड्रमच तिला परत पाठवतो.
छत्तीस वर्षं मी तिला आणायला
खाली जात होतो.

हे कळलं म्हणून दुखणं गेलं नाही.
सोमवारी मी वाजवलं नाही.
डोक्यावर कंदील घेऊन रांगेपुढे चाललो,
गर्दीतून वाट काढत, रिकाम्या हातांनी.
चार वाजले, दिवे गेले,
पाठीमागे सगळे एकदम सुरू झाले
आणि खिशातली माझी बोटं
कुणालाही न विचारता त्यांच्यात सामील झाली.

उजाडताना खानावळीत पिठाचं गरम सूप.
मी चमचा डाव्या हातात धरला, अर्धं कोटावर सांडलं.
ड्रमपेक्षा चमचा जड का रे, म्हणत
एगॉनने कोपरखळी मारली.
त्याचं कोपर माझ्या कोपरावर आदळलं
आणि आम्ही दोघेही एकदम कळवळलो,
मोठ्याने, सगळ्यांसमोर.

टेबल गप्प झालं.
मग रेमिगियूसने हळूच
बाहीचं बटण काढलं.